गळ्यातला माइक बंद करण्याची जबाबदारी कोणाची?

आपल्या प्रश्नाचा आशय आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात सूत्रसंचालिकेला कॉलर माइक लावलेला होता. प्रमुख पाहुण्यांचे भाषण संपले, वाद्यवृंदाच्या मांडणीसाठी पडदा पडला, ती विंगेत गेली आणि तिथल्या कार्यकर्तीला म्हणाली की पाहुणे फारच लांबले, आता निम्मी गाणी कापावी लागणार, यांना बोलावण्याचे ठरवले तरी कोणी. हे बोलणे सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले आणि पाहुणे पहिल्याच रांगेत बसलेले होते. त्यानंतर कार्यकारिणीने दोन निर्णय घेतले. यापुढे कॉलर माइक वापरायचा नाही आणि पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन दुसऱ्या कोणाकडे तरी द्यायचे. हे निर्णय योग्य आहेत का आणि असे पुन्हा घडू नये म्हणून काय करावे, असे आपण विचारले आहे.

मी नाटके, मैफली आणि संस्थांचे कार्यक्रम यांचे ध्वनिसंयोजन करतो आणि अशा प्रसंगांशी माझा नेहमीचा संबंध येतो. माझ्या मते या दोन्ही निर्णयांनी मूळ दोष जागच्या जागी राहतो. विंगेत गेल्यावर माणूस मनातले बोलतो. दोन तास रंगमंचावर हसतमुख उभे राहिलेल्या व्यक्तीने पडद्याआड एक त्रासिक वाक्य उच्चारणे यात काही असाधारण नाही. कॉलर माइक हेही दोषी उपकरण नव्हे. दोष असा आहे की त्या क्षणी तो माइक बंद असायला हवा होता आणि तो बंद करण्याचे काम नेमके कोणाचे, हे आपल्या कार्यक्रमात कोणीच ठरवलेले नव्हते. सूत्रसंचालिकेला वाटले असणार की मिक्सरवर, म्हणजे सर्व माइकांचा आवाज जिथून नियंत्रित होतो त्या यंत्रावर, बसलेला माणूस पाहत आहे. मिक्सरवरच्या माणसाला वाटले असणार की माइकला जोडलेल्या कमरेच्या पेटीवर बटण आहे, ती बंद करील. आपण दिलेल्या वर्णनावरून हा माझा अंदाज आहे, पण असे बहुतेक प्रसंग याच रीतीने घडतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगायला हवे. आपले सभागृह केवढे आहे, ध्वनियंत्रणा सभागृहाची आहे की भाड्याने आणलेली, मिक्सरवर बसणारा माणूस शेवटपर्यंत तिथेच बसतो की जनरेटर आणि दिवेही तोच पाहतो, कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण होते की नाही, यावर तपशील बदलतील. पन्नास माणसांच्या खोलीत कॉलर माइकची गरजच नसते. जिथे ध्वनिसंयोजक पूर्ण वेळ उपलब्ध नाही, तिथे मी पुढे सांगणार असलेल्या काही गोष्टी उलट्या कराव्या लागतील. तेही त्या त्या ठिकाणी सांगतो.

कॉलर माइकचा आवाज सभागृहापर्यंत कसा पोहोचतो, हे कार्यकारिणीतल्या एका तरी व्यक्तीने समजून घेतले पाहिजे. पदराला किंवा कुर्त्याला चिमटीने लावलेला छोटा माइक कमरेच्या प्रेषक पेटीला जोडलेला असतो. पेटीतून आवाज रेडिओलहरींनी ग्राहक यंत्राकडे जातो, तिथून मिक्सरच्या एका चॅनेलमध्ये, म्हणजे त्या माइकसाठी राखलेल्या मार्गात, आणि मग ॲम्प्लिफायरमार्गे स्पीकरमध्ये. म्हणजे हा माइक पेटीवर बंद करता येतो किंवा मिक्सरवर बंद करता येतो, आणि गोंधळ नेमका या दोन जागांमुळे होतो. दोन्हीकडे बटण आहे म्हणून दोन्हीकडचे लोक निश्चिंत राहतात. कधी उलटही घडते: निवेदक पेटीवरचे बटण बंद करून जातो, परत येताना ते उघडायला विसरतो, मिक्सरवरचा माणूस फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, वर नेत राहतो आणि निवेदक मूकपणे ओठ हलवत उभा असतो. मग कोणीतरी धावत जाऊन पेटी चाचपतो. ही फजिती पाहिलेले निवेदक पुढच्या वेळी पेटीला हातच लावत नाहीत, आणि तेव्हा विंगेतले बोलणे बाहेर जाते.

म्हणून माझा नियम असा आहे की माइक उघडणे आणि बंद करणे फक्त मिक्सरवरून व्हावे. बऱ्याच पेट्यांवर बटण कुलूपबंद करण्याची सोय असते. ती वापरावी आणि निवेदकाला स्पष्ट सांगावे की या बटणाला आपण हात लावायचा नाही. यामागे आणखी एक कारण आहे. चॅनेल उघडा असताना पेटीचा विद्युतपुरवठा बंद केला, तर साध्या प्रतीच्या यंत्रणेत खरखर किंवा धक्क्यासारखा आवाज येऊ शकतो. शिवाय पेटी बंद झाल्यावर ग्राहक यंत्र रिकामे राहते आणि शेजारच्या सभागृहात त्याच वारंवारतेचा माइक चालू असेल, तर तिकडचे बोलणे आपल्या स्पीकरमधून ऐकू येण्याची शक्यता असते. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर लग्न आणि खालच्या मजल्यावर व्याख्यान असे जिथे चालते, तिथे हा अनुभव दुर्मीळ नाही. अशा ठिकाणी कार्यक्रमापूर्वी शेजारच्यांच्या यंत्रणेची वारंवारता विचारून घेणे आणि आपली बदलून ठेवणे आवश्यक आहे.

ध्वनिसंयोजक पूर्ण वेळ नसेल, तर मात्र हा नियम उलटा करावा. तेव्हा मिक्सरवरचा फेडर एका जागी ठेवावा आणि बटणाची सर्व जबाबदारी निवेदकाकडे द्यावी. मग कॉलर माइक न देता बटण असलेला हातातला माइक देणे अधिक सुरक्षित, कारण तो खाली ठेवला की माइक आपल्यापासून दूर गेला हे शरीरालाच कळते. दोन्हींपैकी कोणतीही पद्धत चालेल, पण दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नयेत.

आता प्रश्न असा की ध्वनिसंयोजक समोर बसलेला असूनही माइक उघडा का राहतो. केवळ दुर्लक्षामुळे, असे म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. निवेदकाने बोलायला सुरुवात केली आणि माइक अर्धा सेकंद उशिरा उघडला, तर पहिला शब्द गिळला जातो आणि सगळे सभागृह मागे वळून ध्वनिसंयोजकाकडे पाहते. माइक उघडाच ठेवला, तर बहुतेक वेळा काहीच घडत नाही. एका चुकीची शिक्षा तत्काळ मिळते आणि दुसरीची क्वचितच, तेव्हा माणूस माइक उघडा ठेवण्याकडे झुकणार हे उघड आहे. पुढे काय होणार आहे हे त्याला ठाऊक नसेल, तर त्याच्यापुढे दुसरा मार्गही नसतो. आपल्याकडे संस्थेचे कार्यक्रम असे होतात की छापील पत्रिका एक असते, प्रत्यक्ष क्रम अध्यक्षांच्या कानात ठरतो, दीपप्रज्वलनानंतर अचानक कोणाचा तरी सत्कार घुसतो, आणि यातले काहीही मिक्सरपर्यंत पोहोचत नाही.

नाटकात ही अडचण कधीच सोडवली गेली आहे आणि तीच पद्धत संस्थांच्या कार्यक्रमांत आणावी असा माझा आग्रह असतो. संगीत नाटकात किंवा मोठ्या संचाच्या नाटकात नटांना अंगावरचे माइक असतात, तेव्हा ध्वनिसंयोजकासमोर संहिता उघडी असते. प्रत्येक प्रवेशापूर्वीच्या वाक्याखाली खूण असते: या वाक्यावर अमुक माइक उघडायचा, आणि नट विंगेत गेला की बंद करायचा. तालमीत हे पक्के झालेले असते. विंगेत नट धापा टाकतो, पाणी पितो, घाईघाईने शालू बदलतो, पुढचे वाक्य पुटपुटतो, कधी सहकाऱ्यावर चिडतो. यातले काहीही प्रेक्षकांपर्यंत जात नाही, कारण बंद करण्याची जागा कागदावर लिहिलेली असते. अंगावरचे माइक नसतात अशा नाटकांतही, रंगमंचाच्या कडेला ठेवलेल्या किंवा वरून टांगलेल्या माइकांतून विंगेतल्या प्रॉम्प्टरचा आवाज जाऊ नये म्हणून त्याची बसण्याची जागा विचारपूर्वक ठरवली जाते.

आपल्या कार्यक्रमासाठी इतकी तपशीलवार संहिता नको. एका कागदावर क्रमाने घटना लिहाव्यात आणि प्रत्येक घटनेसमोर कोणता माइक उघडा राहील एवढेच नोंदवावे. स्वागतगीत: गायकांचे दोन माइक, निवेदिकेचा बंद. प्रास्ताविक: पोडियमचा माइक, बाकी सर्व बंद. पडदा पडल्यावर: सर्व बंद. हा कागद निवेदिका, ध्वनिसंयोजक आणि विंगेतला एक कार्यकर्ता, या तिघांकडे असावा. क्रम बदलला तर तो बदल ध्वनिसंयोजकाला सांगण्याचे काम त्या कार्यकर्त्याचे. यासाठी महागडी संपर्कयंत्रणा लागत नाही. मिक्सरजवळ कार्यकारिणीतला एक जबाबदार माणूस बसवला आणि दोघांनी फोनवर संदेश पाठवले, तरी पुरते. निवेदिकेनेही बोलणे सुरू करण्यापूर्वी रंगमंचावर येऊन क्षणभर थांबावे, मिक्सरच्या दिशेने पाहावे आणि मग पहिला शब्द उच्चारावा. एवढ्याशा थांबण्याने ध्वनिसंयोजकाची माइक बंद करण्याची भीती निघून जाते.

ध्वनिसंयोजक कुठे बसतो, हाही मोठा प्रश्न आहे. मंडपातल्या कार्यक्रमांत त्याला रंगमंचाच्या बाजूला, स्पीकरच्या मागे, कापडाच्या आड बसवलेले असते. तिथून त्याला रंगमंच अर्धाच दिसतो आणि सभागृहात काय ऐकू येते आहे ते तर मुळीच कळत नाही. आपल्या प्रसंगातही ते बोलणे बाहेर जात असल्याचे त्याला सर्वांत शेवटी कळले असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही. त्याची जागा प्रेक्षकांत, शक्यतो सभागृहाच्या मध्याच्या थोडे मागे असावी. त्यासाठी चार-सहा खुर्च्या कमी कराव्या लागतात आणि मानाच्या खुर्च्यांच्या रांगेतून लांब केबल न्यावी लागते. तरीही ते करावे. काही सभागृहांत मागे काचेची खोली असते. ती खोली असेल तर काच उघडी ठेवूनच काम करावे.

विंगेत कुजबुजलेले वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत इतके स्पष्ट कसे गेले, असा प्रश्न आपण ओझरता विचारला आहे. त्याचे उत्तर थोडे तांत्रिक आहे, पण उपयोगाचे आहे. हातातला माइक ओठांपासून सुमारे ५ सेंटिमीटरवर असतो, तर कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटरवर. अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. म्हणजे ५ चे २० सेंटिमीटर झाले, की साधारण १२ डेसिबलची तूट येते आणि ती भरून काढण्यासाठी मिक्सरवर तेवढी संवेदनशीलता वाढवावी लागते. त्यातच बहुतेक कॉलर माइक सर्व दिशांनी ऐकणारे असतात, त्यामुळे मान वळवून शेजारणीशी बोलले तरी ते पुसट होत नाही. शिवाय आजच्या मिक्सरमध्ये कंप्रेसर वापरलेला असतो. तो मोठा आवाज दाबतो आणि एकूण पातळी वर उचलतो, त्यामुळे मोठ्याने बोलणे आणि पुटपुटणे यांतले अंतर कमी होते. भाषण नीट ऐकू यावे म्हणून केलेली ही सगळी मांडणी विंगेतल्या कुजबुजीलाही तितकीच मदत करते. पडदा पडलेला, वाद्ये थांबलेली आणि लोक शांत बसलेले, अशा वेळी ते वाक्य ऐकू न जाणेच कठीण होते.

इथे एक गोष्ट कार्यकारिणीला आवर्जून सांगावी, कारण ती पटली की न लागणारे माइक बंद ठेवण्याची सवय आपोआप लागते. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली, की स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी वाजू लागण्यापूर्वी आपल्याला मिळणारी आवाजाची मुभा सुमारे ३ डेसिबलने कमी होते. एका माइकच्या जागी आठ माइक उघडे असतील, तर ती ९ डेसिबलने कमी झालेली असते. सत्काराच्या वेळी पोडियमचा माइक, निवेदिकेचा कॉलर माइक, गायकांचे चार माइक आणि तबल्यासमोरचे दोन, असे सगळे उघडे असतात, कोणीतरी माइकची जाळी मुठीत धरतो, त्यामुळे एका दिशेने ऐकणारा माइक सर्व दिशांनी ऐकू लागतो, आणि सभागृहात शिट्टी घुमते. लोक त्यासाठी यंत्रणेला नावे ठेवतात. न बोलणाऱ्यांचे माइक बंद ठेवले असते, तर तीच यंत्रणा उत्तम वाजली असती. म्हणजे माइक वेळेवर बंद करण्याने केवळ मानहानी टळते असे नाही, बोलणारा अधिक चांगला ऐकूही येतो. सत्काराबाबत आणखी एक लहानशी सूचना आहे. ज्यांच्या अंगावर कॉलर माइक आहे त्यांच्या खांद्यावर शाल घातली जाते तेव्हा तिच्या घर्षणाने मोठा खरखराट होतो. शाल घालण्याच्या क्षणी तो चॅनेल बंद असावा. मंगळसूत्र आणि लांब हार यांचाही माइकवर आघात होतो, म्हणून माइक लावताना दागिने कुठवर येतात ते पाहून जागा ठरवावी.

आता ज्या मार्गाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, त्याबद्दल सविस्तर लिहितो. आपल्या कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण परगावच्या आणि परदेशातल्या सभासदांसाठी होते, असे आपण लिहिले आहे. सभागृहाचा आवाज आणि प्रक्षेपणाचा आवाज एकाच मिक्सरमधून निघत असले, तरी ते एकाच मार्गाने जातात असे नाही. प्रक्षेपणाला किंवा रंगमंचावरच्या मॉनिटरला (कलाकारांना ऐकू यावे म्हणून ठेवलेल्या स्पीकरला) जाणारा मार्ग ‘प्री-फेडर’ असा, म्हणजे फेडरच्या आधीच वेगळा फुटणारा, लावलेला असेल, तर फेडर पूर्ण खाली ओढला तरी त्या मार्गाने आवाज जातच राहतो. सभागृह शांत, ध्वनिसंयोजक निश्चिंत, आणि दूरदेशी बसलेली मंडळी विंगेतला प्रत्येक शब्द ऐकत आहेत, असे त्यामुळे घडते. बहुतेक डिजिटल मिक्सरवर म्यूटचे बटण दाबले की असे मार्गही बंद होतात, पण ही मांडणी यंत्रागणिक आणि सेटिंगगणिक बदलते, म्हणून गृहीत धरू नये, तपासून पाहावे. माझा सल्ला असा की निवेदकांचा माइक बंद करण्यासाठी फेडरवर अवलंबून न राहता म्यूट वापरावा, प्रक्षेपणाचा मार्ग फेडरनंतरचा ठेवावा, आणि मिक्सरवर म्यूट ग्रुपची सोय असेल तर रंगमंचावरचे सर्व बोलण्याचे माइक एका बटणावर आणावेत. पडदा पडला की एकच बटण दाबायचे. कॅमेऱ्यावर बसवलेला माइक हा आणखी वेगळा. त्याच्यावर आपल्या मिक्सरचा काहीच ताबा नसतो, तेव्हा कॅमेरामनशी स्वतंत्रपणे बोलून घ्यावे.

एकाच बोलण्याला असे अनेक मार्ग असतात, याचे मोठे उदाहरण नोव्हेंबर २०११ मध्ये फ्रान्समधल्या कान येथील जी-२० परिषदेत घडले. फ्रान्सचे तत्कालीन अध्यक्ष निकोला सार्कोझी आणि अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा इस्रायलच्या पंतप्रधानांविषयी खासगीत बोलत होते. त्यांच्यासमोर कोणतेही सभागृह नव्हते, पण पुढच्या पत्रकार परिषदेसाठी लावलेल्या भाषांतराच्या यंत्रणेतून त्यांचे बोलणे काही पत्रकारांच्या कानांपर्यंत गेले. बोलणाऱ्यांना दिसणारी खोली रिकामी होती. न दिसणारा मार्ग उघडा होता. आपले थेट प्रक्षेपण हा तसाच न दिसणारा मार्ग आहे.

माइकचा मालक वेगळा असणे, हा दुसरा धोका. २८ एप्रिल २०१० रोजी ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन निवडणूक प्रचारात रॉचडेल येथे एका मतदार महिलेशी बोलले, आणि वृत्तवाहिनीचा कॉलर माइक अंगावर तसाच ठेवून मोटारीत बसले. आत त्यांनी तिच्याविषयी काढलेले अनुदार उद्गार वाहिनीच्या यंत्रणेत पोहोचले आणि जगभर ऐकवले गेले. माइक लावणारे वाहिनीचे होते, घेऊन जाणारे पंतप्रधानांचे, आणि तो काढून ठेवण्याचे काम कोणाचे हे ठरलेले नसावे. आपल्याकडे सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत मराठा आरक्षणाविषयीच्या पत्रकार परिषदेच्या आरंभी तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि दोन्ही उपमुख्यमंत्री यांचे आपसातले बोलणे समोर मांडलेल्या माइकांनी टिपले आणि ती चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली; ती काटछाट करून पसरवली गेल्याचे शिंदे यांनी नंतर सांगितले. पत्रकार परिषदेत टेबलावर ज्या वाहिन्यांचे माइक असतात ते त्या त्या वाहिनीच्या ताब्यात असतात. संयोजकांना त्यांतला एकही बंद करता येत नाही. अशा ठिकाणी खुर्चीत बसण्यापूर्वीच आपसातले बोलणे संपवणे, एवढाच उपाय उरतो. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाला स्थानिक वाहिनी आली आणि तिने पाहुण्यांच्या अंगावर आपला माइक लावला, तर तो परत घेतला गेला की नाही हे पाहण्यासाठी एक माणूस नेमावा.

ध्वनिचाचणीच्या वेळीही हीच सावधगिरी हवी. ११ ऑगस्ट १९८४ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी साप्ताहिक रेडिओ भाषणापूर्वीच्या चाचणीत, रशियाला कायमचे बेकायदा ठरवले असून पाच मिनिटांत बाँबफेक सुरू होईल, असा विनोद केला. तो प्रसारित झाला नाही, पण बाहेर फुटला आणि सोव्हिएत संघाने निषेध नोंदवला. चाचणी सुरू असते तेव्हा ध्वनिमुद्रण आणि प्रक्षेपणाच्या वाहिन्या बहुधा आधीच जोडलेल्या असतात. म्हणून चाचणीसाठी मी निवेदकाला त्याच्या निवेदनातलाच उतारा, ज्या आवाजात प्रत्यक्ष बोलणार त्याच आवाजात, वाचायला सांगतो. ‘हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ म्हणून नेमकी पातळी ठरवता येत नाही, आणि माइकवर टिचकी किंवा फुंकर मारल्याने यंत्राला इजा पोहोचण्याचीच शक्यता अधिक असते.

इथवरचा मुद्दा थोडक्यात असा: माइक उघडण्या-मिटण्याचा अधिकार एकाच्याच हाती असावा, त्याला क्रम ठाऊक असावा, त्याला रंगमंच दिसावा आणि सभागृह ऐकू यावे, आणि आवाज बाहेर जाण्याचे सर्व मार्ग तपासलेले असावेत.

बोलणाऱ्यांसाठी मी एकच सूचना देतो आणि ती कार्यक्रमापूर्वी प्रत्येकाला समक्ष सांगतो: माइक अंगावर आहे तोवर तो चालू आहे असेच समजावे. ध्वनिसंयोजकाने मात्र नेमके उलट समजावे, म्हणजे ज्याची गरज आत्ता नाही तो प्रत्येक माइक बंदच असला पाहिजे. दोघांनी आपापल्या बाजूने काळजी घेतली, की एकाच्या विस्मरणाने अनर्थ होत नाही. मध्यंतरात किंवा प्रसाधनगृहात जाताना पेटी काढून विंगेतल्या कार्यकर्त्याकडे द्यावी. ती कमरेला तशीच ठेवून जाऊ नये. व्यासपीठावर शेजारी शेजारी बसलेल्या मान्यवरांसमोर टेबल माइक असतील, तर ते बटण दाबून चालू होणारे आणि चालू असताना लाल कडे उजळणारे असावेत. भाषण चालू असताना दोन मान्यवर एकमेकांच्या कानाला लागतात, आणि समोर दिवा दिसत असेल तरच त्यांना भान राहते.

इतके करूनही प्रसंग घडलाच, तर पहिल्या काही सेकंदांत काय करावे? ध्वनिसंयोजकाने फक्त तोच चॅनेल म्यूट करावा. घाबरून मास्टर फेडर खाली ओढला, तर सगळा आवाज तुटतो, संगीत थांबते आणि ज्यांचे लक्ष नव्हते त्यांचेही जाते. विंगेतल्या कार्यकर्त्याने आरडाओरडा न करता त्या व्यक्तीच्या खांद्याला स्पर्श करून माइककडे बोट दाखवावे. रंगमंचावरून हातवारे करणे, कोणीतरी दुसऱ्या माइकवरून ‘माइक चालू आहे, माइक चालू आहे’ असे म्हणणे, हे सर्वांत वाईट, कारण त्यातून काय ऐकले याची चर्चा सभागृहातच सुरू होते.

त्यानंतरची गोष्ट काय बोलले गेले यावर अवलंबून आहे. घरच्या अडचणीचे, आजारपणाचे, पैशाचे खासगी बोलणे ऐकू गेले असेल, तर त्याचा उल्लेखच करू नये आणि पुढचा कार्यक्रम सुरू करावा. उल्लेखाने त्या व्यक्तीची अडचण वाढते. कोणाच्या जातीविषयी, रूपाविषयी, व्यंगाविषयी किंवा चारित्र्याविषयी बोलले गेले असेल, तर त्याच व्यासपीठावरून, त्याच दिवशी, निःसंदिग्ध शब्दांत क्षमा मागावी, कारण अपमान सर्वांसमोर झालेला आहे. आपला प्रसंग या दोहोंच्या मधला आहे. पाहुण्यांच्या भाषणाच्या लांबीविषयीची नाराजी ऐकू गेली. ती अवघडून टाकणारी आहे, पण त्यात त्यांच्या व्यक्तित्वावर चिखलफेक नाही. अशा वेळी निवेदिकेने परत येऊन त्यावर विनोद करू नये, शांतपणे पुढचे नाव घ्यावे. आणि कार्यक्रम संपताच, पाहुणे निघण्यापूर्वी, तिने आणि अध्यक्षांनी दोघांनी मिळून त्यांना भेटावे. ब्राऊन हे त्याच दिवशी त्या महिलेच्या घरी जाऊन क्षमा मागून आले होते. राजकीय हानी टळली नाही, पण क्षमा समक्ष मागायची असते एवढे तरी त्यांनी केले. आपल्याकडून ती भेट झाली नसल्यास आजही उशीर झालेला नाही. मात्र पत्र पाठवू नये, जाऊन भेटावे, आणि भेटीत वेळेच्या नियोजनाची चूक मंडळाची होती हे सांगावे. पाहुण्यांना किती मिनिटे बोलायचे ते आधी कळवलेले नव्हते, हे आपणच लिहिले आहे.

ध्वनिचित्रमुद्रणाचाही निर्णय लगेच करायला हवा. थेट प्रक्षेपणाची चित्रफीत अजून वाहिनीवर उघडी असेल, तर ती प्रथम खासगी करावी, तो भाग कापावा आणि मगच पुन्हा खुली करावी. छायाचित्रकाराकडे आणि ध्वनिसंयोजकाकडे स्वतंत्र प्रती असतात. त्यांनाही तसे सांगावे. कोणी तो तुकडा गटागटांत फिरवत असेल, तर अध्यक्षांनी त्या व्यक्तीशी स्वतः बोलून तो थांबवावा. एका स्वयंसेविकेची मानहानी थांबवणे हेही मंडळाचेच कर्तव्य आहे, आणि कार्यकारिणीने त्याकडे पाहुण्यांच्या मानापमानाइतकेच गंभीरपणे पाहावे असे मला मनापासून वाटते.

आता आपल्या दोन निर्णयांकडे येतो. कॉलर माइक न वापरण्याचा निर्णय शिक्षा म्हणून घेऊ नये, पण वेगळ्या कारणाने तो योग्य ठरू शकतो. आपली निवेदिका कार्यक्रमभर पोडियमपाशीच उभी राहणार असेल, तर पोडियमवरचा माइक आवाजाच्या दृष्टीने अधिक चांगला, कारण तो ओठांजवळ असतो, शिट्टीची भीती कमी राहते आणि ती विंगेत गेली की तो जागेवरच राहतो. मुलाखत, नृत्यासोबतचे निवेदन, प्रेक्षकांत उतरून घ्यायचे खेळ असतील, तर कॉलर माइक लागेलच, आणि तो वरील रीतीने वापरावा. निवेदिका बदलण्याचा निर्णय मात्र मागे घ्यावा. तो प्रसंग ज्या कारणांनी घडला त्यांपैकी एकही कारण नवी निवेदिका आणल्याने दूर होणार नाही, आणि जी एकदा या अनुभवातून गेली आहे तिच्याइतके माइकचे भान इतर कोणाला क्वचितच असेल.

पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमापूर्वी तालमीचा अर्धा तास ध्वनिसंयोजकासाठी राखून ठेवा आणि त्यात माइक चालू आहेत की नाहीत याबरोबरच ते बंद होतात की नाही याचीही चाचणी घ्या. ध्वनिसंयोजकाने पडद्याच्या खुणेवर सर्व माइक म्यूट करावेत, निवेदिकेने विंगेत जाऊन नेहमीच्या आवाजात बोलत राहावे, एकाने सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसावे आणि दुसऱ्याने बाहेर जाऊन फोनवर कानात इअरफोन घालून थेट प्रक्षेपण ऐकावे. प्रक्षेपण काही सेकंद मागे असते, म्हणून निवेदिकेने निदान दोन मिनिटे तरी बोलावे. त्या फोनवर एकही शब्द ऐकू आला, तर मार्ग कुठे उघडा आहे तो शोधण्यासाठी तालमीत पुरेसा वेळ असतो. आपल्या सभागृहातल्या मिक्सरचे नाव आणि मॉडेल कळवलेत, तर प्री-फेडरचे सेटिंग त्यावर कुठे पाहायचे ते मी स्वतंत्रपणे लिहून देईन.